बिनमाणसांचं जहाज

बेचाळीस अंशांच्या उकाड्यात, गच्चीवरच्या पत्र्याखाली बसून, बर्फात अडकलेल्या जहाजावरचे खलाशी आपले पायमोजे कुठे वाळत घालत असतील यावर दोन शहाणी माणसं तासभर भांडली, असं मी गावात कोणाला सांगितलं तर म्हणतील, राहीलच्या डोक्यात जेद्दाची गर्मी गेली. म्हणू देत. आम्ही भांडलो हे खरं आहे. एक मी, दुसरा सिराजमामू.

मामू म्हणजे सख्खा मामा नव्हे. सिराजुद्दीन माझ्या आईच्या गावचा, दाभोळ खाडीच्या काठचा, म्हणून मामू. वय अठ्ठावन्न. बलदमधल्या, म्हणजे जेद्दाच्या जुन्या वस्तीतल्या, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं नऊ वर्षं एका खोलीत राहिलो. मी यात्रेकरूंच्या हॉटेलात काउंटरवर बसतो. लोक हज-उमरा करून जातात आणि मागे चष्मे, कवळ्या, एकेक चप्पल विसरून जातात, त्या विसरलेल्या वस्तूंचं कपाट माझ्याकडे. मामू सुतार. बलदच्या जुन्या घरांना त्या लाकडी जाळीच्या खिडक्या असतात ना, भिंतीबाहेर आलेल्या, आतल्या बाईला रस्ता दिसावा, रस्त्यावरच्याला बाई दिसू नये आणि वारा मात्र दोघांना मिळावा अशा, त्या दुरुस्त करायचं त्याचं काम. त्याचा बाप खाडीत गलबतं बांधायचा. हा बावीस वर्षं वाळवंटात खिडक्या जोडत बसला. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

एकत्र राहायला माणूस तसा त्रासदायक. खोलीत भुसा, डाळीत भुसा, माझ्या इस्त्रीच्या शर्टावर भुसा. कलिंगड घ्यायचं तरी बोटाच्या पेराने टकटक करून बघणार, आणि फळीही तशीच, आणि मला तर वाटतं माणूससुद्धा. त्याचा एक पांढरा मग होता, निळ्या काठाचा, कल्हईचा नव्हे, तो चिनीमातीसारखा मुलामा असतो तसला, कान अर्धा तुटलेला. घरून निघताना बावीस वर्षांपूर्वी आणलेला. त्या मगाला दुसऱ्याने हात लावायचा नाही. मी एकदा त्यात दाढीचं पाणी घेतलं तर तीन दिवस बोलला नाही माझ्याशी.

आता मूळ दुखणं सांगतो. मामूच्या डोक्यावर घर बांधायचं नव्हतं, ते बांधून झालं होतं. मुलगी समरीन, तिचं लग्न झालं होतं, जावई चांगला, नातू झयान सहा वर्षांचा, तो आजीजवळच. इथे राहायला त्याला काहीही कारण उरलं नव्हतं. तरी दर वेळी इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आला की कफील, म्हणजे तो परवाना काढून देणारा मालक, विचारायचा, नवा करू की कायमचं जायचं, आणि मामू म्हणायचा, एवढा एक करा. असे तीन ‘एवढा एक’ माझ्यासमोर झाले. लोक म्हणायचे सिराजला लोभ सुटत नाही. लोकांना काय, उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. खरी गोष्ट मला ठाऊक होती, कारण ती त्याने मलाच एकट्याला सांगितली होती.

दोन वर्षांपूर्वी पंचेचाळीस दिवसांची सुट्टी घेऊन तो घरी गेला आणि चाळिसाव्या दिवशी परत आला. मी विमानतळावर घ्यायला गेलो तर चेहरा तोंडात मारल्यासारखा. आठवडाभराने बोलला. म्हणाला, घरात तहान लागली, उठलो पाणी घ्यायला, तर पेले कुठे असतात तेच मला माहीत नाही. मुन्नी, म्हणजे त्याची बायको, धावत आली आणि पाव्हण्यांचा काचेचा पेला काढून दिला. जेवायला सगळ्यांची ताटं रोजची, याचं एकट्याचं फुलाफुलांचं. झयान त्याला ‘जेद्दावाले नाना’ म्हणायचा. मामू म्हणाला, “राहील, पाण्यातून हात काढला की पाणी परत मिटतं ना, तसं माझं घर मिटलंय. आता मी तिथे शिरलो तर कोणाच्या तरी जागेवरच बसणार.”

आणि आणखी एक. वीस वर्षं मुन्नीमामी प्रत्येक फोनच्या शेवटी विचारायची, कदी येताव? त्या सुट्टीनंतर तिने विचारणं बंद केलं. बाकी सगळं बोलायची, कोंबड्या, शेजारीण, झयानचे दात, आणि मग, बरं, ठेवते. मामू फोन कानाला लावून दोन क्षण तसाच थांबायचा. मला बघवायचं नाही ते.

तर या साली मोहरमनंतरच्या सफर महिन्याच्या अखेरीस इकामा संपणार होता आणि कफीलने आधीच बजावून ठेवलं होतं की या वेळी मला वेळेवर सांग. जायचं की राहायचं, एवढाच प्रश्न. मामू त्याचं उत्तर देत नव्हता. उत्तर द्यायचं सोडून त्याने जहाज करायला घेतलं.

जहाज आलं जगदीशसाहेबांमुळे. हे देशाच्या दुसऱ्या टोकाला, धाहरानला, तेल कंपनीत इंजिनिअर, मूळचे पुण्याचे. तिथल्या कॅम्पात एकटेच राहतात. त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई आणि दोन्ही मुलं, मुलांच्या शिक्षणासाठी, पुण्याला गेली त्याला चार वर्षं झाली. ईदच्या सुट्टीत साहेब बलद बघायला आले, खिडकीत टांगून घेतलेल्या मामूच्या तोंडून मराठी शिवी ऐकली आणि खालूनच ओरडले, कुठले तुम्ही? झालं. चहा झाला, ओळख झाली, आणि साहेबांनी आपलं वेड बाहेर काढलं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी गोरे लोक उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात जहाजं घेऊन जायचे, नवा रस्ता शोधायला. थंडी पडली की समुद्र गोठायचा आणि जहाज त्यात अडकायचं, नऊ-नऊ, दहा-दहा महिने. कधी दोन-तीन हिवाळे. साहेबांना हवा होता तसल्या जहाजाचा चार फुटी नमुना, एका बाजूने कापून उघडा ठेवलेला, आत माणसं रोज कशी जगायची ते दिसेल असा. नेमकं अमुक एक जहाज नव्हे, त्या काळच्या नकाशांवरून जुळवलेलं एक लहानसं, चोवीस खलाशांचं. लाकूड मामूकडे होतंच, जुन्या खिडक्यांचे टाकून दिलेले सागवानी तुकडे.

मामूने फळीवर टकटक करावी तशी साहेबांच्या डोळ्यांत नजर टाकली आणि हो म्हणाला. फक्त एक अट घातली. माणसं करणार नाही. साहेबांचा चेहरा पडला. त्यांना चोवीस चिमुकले खलाशी हवे होते, कोणी पीठ मळतोय, कोणी सारंगी वाजवतोय. मामू म्हणाला, “जीव घालता येत नाही त्याला आकार मी देत नाही, साहेब. बाजारात प्लास्टिकचे मिळतात, ते तुम्ही ठेवा. माझ्या हातून होणार नाही.” कुत्रं पण नाही. कुत्र्याची साखळी करून देतो म्हणाला.

साहेब भला माणूस. वाद घातला नाही. म्हणाले, मग वस्तूंतून दाखवा. बोलायला सोपं होतं ते. रोजचं जगणं दाखवायचं आणि जगणाराच दाखवायचा नाही, आधीच रमजान त्यात उन्हाळा म्हणतात तशातली गत. पण मामूला अवघड काम दिलं की त्याची भूक वाढते.

साहेब धाहरानहून पुस्तकांच्या पानांचे फोटो पाठवायचे. सगळं इंग्रजीत. माझी बारावी झालेली, त्यामुळे वाचायचं काम माझं. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं, की आम्ही गच्चीवर. मी मोबाईलमध्ये बघून मराठीत सांगायचो आणि मामू लाकूड तासायचा. वरून पत्रा तापलेला, समुद्राकडून ओला वारा, अंगाला बनियन चिकटलेलं, आणि मी सांगतोय की रात्री माणसांच्या श्वासाची वाफ छताला लागून गोठायची आणि सकाळी शेगडी पेटली की तीच वितळून त्यांच्या अंथरुणावर टपटप गळायची. मामू म्हणाला, म्हणजे आपल्या एसीसारखंच. आमचा एसी गळायचा, ते खरं होतं.

मला आधी ती कटकट वाटली, खोटं का बोलू. पण मग मीच शुक्रवारची वाट बघायला लागलो. जहाजाच्या डेकवर ते लोक मांडवासारखं जाड कापड ताणायचे. बाहेरून बर्फ रचायचे, ऊब राहावी म्हणून. गोठलेल्या समुद्रात एक भोक रोज फोडून उघडं ठेवायचे, जहाजाला आग लागली तर पाणी हवं म्हणून. सूर्य तीन महिने उगवायचाच नाही. हिरड्या सडू नयेत म्हणून प्रत्येकाने रोज लिंबाचा रस प्यायचा, तोही अधिकाऱ्यासमोर उभं राहून, चुकवायचा नाही. हे ऐकून मामू हसला आणि म्हणाला, आमची मुन्नी काढ्याचा पेला घेऊन अशीच उभी राहायची दारात. दाढीवाले खलाशी बायकांचे कपडे घालून नाटकं करायचे. आपलंच एक वर्तमानपत्र काढायचे, त्यात एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या. आणि शाळा भरायची, चाळिशीतले बाप्ये पाटी घेऊन अक्षरं शिकायचे, का, तर पुढे कधीतरी घरची पत्रं मिळतील तेव्हा ती दुसऱ्याकडून वाचून घ्यायला लागू नयेत.

हे सांगितलं तेव्हा मामूचा पटाशीवरचा हात थांबला. विचारलं, “आणि घरी?” मी म्हटलं, घरी काय? म्हणाला, इकडे हे अक्षरं शिकतायत, तिकडे घरी काय चाललंय? मी पानं वरखाली केली. पुस्तकात घरचं काही नव्हतं. पुढे तो दर शुक्रवारी हेच विचारायचा. मी सांगायचो, नाताळला त्यांनी सुक्या मनुकांचा गोड पदार्थ केला. हा विचारणार, आणि घरी? एकदा मी चिडलो. म्हटलं, मामू, पुस्तक जहाजाचं आहे, घरचं लिहायला कोण बसलंय तिथे? मान खाली घालून तासायला लागला मग.

आता त्याची चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मामू कळणार नाही. जहाजाचा सांगाडा झाला, फळ्या बसल्या, हजच्या गर्दीत मी महिनाभर हॉटेलातून हललो नव्हतो, त्यामुळे त्या दिवसांत त्याने एकट्यानेच काम केलं. मी परत गच्चीवर गेलो तर बघतो काय, जहाजाच्या न कापलेल्या बाजूला, खलाशांच्या झोपण्याच्या जागी, बारीक सुंदर नक्षीच्या आठ जाळीदार खिडक्या! अस्सल बलदच्या. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अहो, उणे चाळीस अंशांत जाळी? तर म्हणतो कसा, चोवीस माणसं एका खोलीत, वरून शेगडी, वारा नको? गुदमरतील ना ती. साहेबांना फोटो पाठवला तर तिकडून पहिल्यांदा नुसता हसण्याचा आवाज आला, आणि मग म्हणाले, सिराजभाई, तुमच्या जहाजावरचे सगळे पहिल्या आठवड्यातच मरतील. मामूने निमूटपणे आठही खिडक्या काढल्या आणि फळ्या ठोकल्या. काढलेल्या खिडक्या मात्र टाकल्या नाहीत, आगपेटीत ठेवल्या. पायमोज्यांवरचं भांडणही तेव्हाचंच. मी म्हणत होतो डेकवर, तो म्हणत होता शेगडीवर दोरी. त्याचं बरोबर निघालं.

मोहरम संपेपर्यंत जहाज आतून सजलं. तुरीच्या दाण्याएवढे चोवीस मग, चोवीस खुंट्यांवर. चोवीस झोळ्या गुंडाळून एका रांगेत. शेंगदाण्याएवढे बूट जोडीने. चोवीस पाट्या एकावर एक. शेगडीवर दोरी आणि दोरीला खरी लोकर विणून केलेले मोजे, विणायला मीच बसलो होतो, हसायचं काम नाही. मला वाटलं, झालं, खलास, आता साहेबांना बोलवा. पण मामू त्याच्यासमोर उकिडवा बसून राहिला, दोनदा डेकवर टकटक केली आणि म्हणाला, जमलं नाही. मी म्हटलं, काय जमलं नाही? म्हणाला, “हे मेलेल्यांचं जहाज झालंय. तुझ्या हॉटेलातल्या कपाटासारखं.”

राग आला मला. पण बघितलं तर खरंच. सगळं जागच्या जागी, आणि म्हणूनच कोणी नाही. मामू म्हणाला, माणूस नसला तरी त्याचं घर तो असल्यासारखं कसं दिसतं, ते बघायला हवं. मग म्हणाला, मुन्नीला फोन लाव, तोंड दिसणारा.

शुक्रवारचे तीन वाजले होते, म्हणजे तिकडे साडेपाच. मी मोबाईल धरला. मामीला वाटलं काही तरी वाईट झालं, एरवी हा असा फोन करत नाही. मामूने सांगितलं, काही नाही गो, माझ्या वस्तू दाखव. कुठल्या वस्तू? घरात माझ्या म्हणून ज्या आहेत त्या. चपला, घोंगडी, हत्यारांची पेटी, माझी खुर्ची. मामी आधी हसली, मग तिचा आवाज चढला, काय, झडती घेताव काय माझी? पण दाखवलं. चपला तिच्याच पायात होत्या, मागून टाच कापून छोट्या केलेल्या, चिखलाने भरलेल्या. घोंगडी मधोमध कापलेली, अर्धी झयानच्या अंथरुणावर, अर्धी शिलाईयंत्राखाली. हत्यारांच्या पेटीत कांदे. रंधा दाराला अडसर म्हणून लावलेला. आणि खुर्चीत पिवळ्या कोंबडीने अंडी घालून बैठक मारलेली, तिला हटकलं तर ती मोबाईलवरच चोच मारायला आली.

मामूचा चेहरा उतरत गेला. मला कळेना मोबाईल बंद करावा की काय. बावीस वर्षं हा माणूस कल्पना करत होता की खुंटीवर आपला सदरा टांगलेला असेल, कोणी त्यावरून हात फिरवत असेल. इथे पेटीत कांदे.

तो म्हणाला, “माझं म्हणून काहीच ठेवलं नाहीस गो?”

तिकडे मामी उभी होती ती ओट्यावर बसली. आवाज खाली आला तिचा.

“ठेवून कोणाचं देतात? मेलेल्याचं. कपाटात घालायचं, डांबरगोळ्या टाकायच्या, वर्साने एकदा काढून रडायचं. तुमी काय मेलात? जित्या माणसाच्या वस्तू त्या, घरात वापरायच्या. चपला तुमच्या म्हणून मी घालते, नायतर माझ्या नायत काय?”

मामूने अगदी हळू विचारलं, “आणि कदी येताव म्हणून विचारायचीस, ते का सोडलंस?”

“विचारलं की तुमी तारीख सांगता,” मामी म्हणाली. “तारीख सांगून येतो तो पाव्हणा. मग मी पाव्हण्याचं ताट काढते. माझंच चुकलं त्यात, पण तुमीपण पाव्हण्यासारखेच बसलात, हात बांधून. ते कांदे काढून पेटी का नाय उघडलीत? दाराचा कडी-कोयंडा चार वर्सं निखळलाय.”

तेवढ्यात झयानने मोबाईल ओढला आणि आम्हाला बराच वेळ छत दिसत राहिलं. कौलांखालचा एक वासा खाली आला होता, तो मलाही दिसला. मामूलाही दिसला असणार, सुतार तो.

त्यानंतर तो हत्यारं आवरून खाली गेला. मीही छेडलं नाही. पण दुसऱ्या शुक्रवारी गच्चीवर गेलो तर जहाज उलथंपालथं. चोवीसपैकी सतराच मग खुंटीवर, बाकीचे कुठे कुठे, एक शिडीच्या पायरीवर, दोन टेबलावर एकमेकांना टेकून, एका मगात तर कोणी दाढीचा ब्रश ठेवून गेलेला. माझ्याकडे बघून मामू गालात हसला. एका झोळीला मधोमध खोलगट केलं होतं, नुकताच कोणी उठून गेल्यासारखी. कोणाच्या बुटाला कोणाची नाडी. मोजा अर्धा रफू केलेला, सुई त्यातच. पाव कापलेला, सुरी आडवी. एका पाटीवर अक्षरं गिरवलेली, दोन ओळी बऱ्या आणि तिसरी कंटाळून. कुत्र्याची साखळी मोकळी. डेकवरचं दार चार बोटं उघडं. मी विचारलं, थंडी नाही का येणार आत? म्हणाला, येईल, पण कोणीतरी पाण्याचं भोक बघायला गेलाय, लगेच येतो तो, कडी कशाला लावायची.

जगदीशसाहेब गाडी घेऊन स्वतः आले, धाहरानहून इतक्या लांब. गुडघ्यांवर बसले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. फार वेळ बघत राहिले. मी चहा आणला तो निवून गेला. शेवटी विचारलं, “कुठे गेले हो सगळे?”

“हितंच हायत,” मामू म्हणाला. “आत्ता उठून गेलेत.”

साहेबांनी मान हलवली. मग काय झालं कोणास ठाऊक, गाडीत जहाज ठेवताना आपणहून सांगायला लागले की पुण्याच्या घरी त्यांची अभ्यासाची खोली पद्मिनीबाईंनी मुलीला, आर्याला, देऊन टाकली, पुस्तकं पलंगाखाली गेली, आणि त्यावरून ते महिनाभर रुसून होते. बोलता बोलता थांबले. मामूने आगपेटी काढून त्यांच्या हातात दिली, त्या आठ जाळीच्या खिडक्या. म्हणाला, ह्या आर्याबाळाला द्या, बाहुलीच्या घराला लावील. आर्या आता अकरावीला, पण साहेबांनी ते सांगितलं नाही, आगपेटी वरच्या खिशात ठेवली.

त्याच संध्याकाळी मामूने कफीलला फोन केला. नवा नको, कायमचं जायचंय. कफील म्हातारा चांगला माणूस, दोनदा विचारलं, नक्की? मामू म्हणाला, नक्की. मी शेजारी बसून ऐकत होतो. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. नऊ वर्षं शिव्या घातल्या त्या भुशाला, आणि आता तो भुसा जाणार म्हणून मी रात्रीचं जेवण टाकून दिलं. त्याने घरी तारीख कळवली नाही. मलाही सांगू दिली नाही.

विमानतळावर त्याच्याकडे एकच पेटी आणि रंध्याची नवी पाती. मिठी मारली, पाठीवर पेराने दोनदा टकटक केली आणि अरबीत म्हणाला, यल्ला, चला. मागे वळून बघितलं नाही. बरं केलं, माझा चेहरा बघण्यासारखा नव्हता.

खोलीवर आलो तर खुंटीला मग. विसरला होता. बावीस वर्षं ज्याला हात लावू दिला नाही तोच. मी तो स्वच्छ धुतला, पुसला आणि वरच्या फळीवर उपडा ठेवला. महिन्याभराने खोलीत नवा सोबती आला, श्रीकांत, नागपूरचा, रुग्णालयात यंत्रं दुरुस्त करतो, गरीब पोरगा. पहिल्याच दिवशी त्याने चहासाठी तो मग काढला आणि मी त्याच्यावर असा काही खेकसलो की तो दोन दिवस बाहेरच चहा प्यायला. आठवण यायची हो. कलिंगड आणलं की आपोआप टकटक व्हायची, आणि मग कोणाला विचारणार, पिकलंय का?

मग एका शुक्रवारी, जुम्म्यानंतर, मामूचा फोन आला, तोंड दिसणारा. अंगात बनियन, कानावर पेन्सिल, पाय अनवाणी. म्हणाला, चपला अजून हिच्याच पायात आहेत, मागायची सोय नाही. कोंबडीने खुर्ची सोडली नाही, म्हणून तो ओट्यावर बसतो. झयान ‘जेद्दावाले’ विसरला, नुसतं नाना म्हणतो आणि दिवसभर खिळे पळवतो. कडी-कोयंडा बसवला. वासा वर घेतला. कांदे कुठे ठेवायचे यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, कालच, आणि मामीने त्याला रोजच्या ताटात, कडा चेपलेल्या ताटात, शिळी भाकरी वाढली. हे सांगताना म्हातारा इतका खुश होता की मला हसावं का रडावं कळेना. मागून मामीचा आवाज, कोणाशी बोलताव, ती फळी कोण तासणार?

जाता जाता विचारलं त्याने, “माझा मग हाय ना रे तिथे?”

मी म्हटलं, आहे ना मामू. काळजी करू नका. धुऊन, पुसून, वर ठेवलाय, कोणाला हात लावू देत नाही.

त्याने कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली.

“का रे राहील?” म्हणाला. “मी काय मेलो?”

फोन ठेवल्यावर मी फळीवरून मग काढला. श्रीकांत दारात होता, पाऊल बाहेर, चहाच्या टपरीकडे निघालेला. त्याला म्हटलं, बस, चहा टाकलाय. त्याला त्यातच ओतून दिला. कान तुटका, बोटं भाजली त्याची, आणि तो मग टेबलावर आपटून शिवी देऊन उठला. थोडा चहा माझ्या इस्त्रीच्या शर्टावर सांडला.